वांग्याच्या बीजोत्पादनात आलेला पर्णगुच्छ बियाण्यातून आला असेल का?

रामटेकजवळच्या आपल्या संकरित वांग्याच्या बीजोत्पादन प्लॉटमध्ये काही झाडांची पाने बारीक आणि फिकट पडून फळधारणा थांबली आहे, हा रोग मिळालेल्या बियाण्यातून आला का, असे आपण विचारले आहे. वर्णनावरून हा पर्णगुच्छ दिसतो आणि त्याचा दोष बियाण्याकडे जात नाही. तो तुडतुडे आणतात.

कळमेश्वरकडे अशाच प्लॉटवर मी काही हंगाम देखरेख केली आहे. रोगट झाडाची कळी उघडून पाहिल्यास जांभळ्या पाकळ्यांच्या जागी हिरवी, पानासारखी वाढ दिसते, आणि अशा फुलावर क्रॉसिंग, म्हणजे हाताने परागीकरण, करूनही बी धरत नाही. रोगाचे कारण असलेला फायटोप्लाझ्मा हा पेशीभित्तिका नसलेला जीवाणू आहे. 1967 मध्ये जपानी संशोधकांनी असे जीव रोगट झाडांत दाखवून देईपर्यंत हे रोग विषाणूजन्य मानले जात. फायटोप्लाझ्मा झाडाच्या रसवाहिन्यांतच राहत असल्यामुळे क्रॉसिंग करणाऱ्या बायकांच्या हातांनी किंवा चिमट्याने पसरत नाही, त्याला रस शोषणारी कीडच लागते. संत्र्याच्या बागेत सिट्रस सायला ही कीड ग्रीनिंग या रोगाचा जीवाणू नेते, तसाच हा प्रकार आहे.

इथे एक गफलत नेहमी होते. कपाशीवरचा हिरवा तुडतुडा डोळ्यांत भरतो, परंतु या रोगाचा मुख्य वाहक हिशिमोनस फायसिटिस हा वेगळा तुडतुडा असून त्याच्या मिटलेल्या पंखांवर, पाठीच्या मध्यभागी, तपकिरी डाग असतो. रोगट झाडाचा रस शोषल्यावर जीवाणू त्याच्या शरीरात काही आठवडे वाढतो आणि त्यानंतर तो कीटक मरेपर्यंत रोग पसरवत राहतो. शिवाय झाडावर लक्षणे उशिरा उमटतात. त्यामुळे आज दिसणारी लागण बरीच जुनी असते आणि आजच्या फवारणीने ती झाडे सुधारत नाहीत.

तरीही फवारणी करावी, मात्र उपटण्याच्या आधी. आम्ही पहिल्या वर्षी झाडे उपटून धुऱ्यावर टाकली आणि त्यांवरचे तुडतुडे शेजारच्या ओळीत गेले. आता वांग्यासाठी शिफारस असलेले कीटकनाशक आधी फवारतो, मग झाडे उपटून जाळतो. पुढच्या हंगामात रोपवाटिकेवर बारीक जाळी लावावी आणि धुऱ्यावरचा धोत्रा काढावा, कारण तिथेही हा रोग टिकून राहतो. बीजोत्पादनाचा प्लॉट इतर वांग्यांपासून दूर ठेवण्याचे, म्हणजे विलगीकरणाचे, अंतर परपरागीभवन टाळण्यासाठी आखलेले असते, उडत्या तुडतुड्यांसाठी नव्हे. तेव्हा शेजाऱ्याच्या वावरातली वांगीही एकदा पाहून घ्यावीत.