वाचकांचे प्रश्न : दुसऱ्या शाखेच्या पदवीनंतर कायद्याचे शिक्षण

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयावरची आहेत. वाणिज्य, विज्ञान, कला किंवा अभियांत्रिकीची पदवी हाती असताना कायद्याकडे कसे वळावे, असे या वाचकांनी विचारले आहे. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी एम.कॉम. झाले असून एका कर सल्लागारांच्या कार्यालयात काम करते. एका जाहिरातीत ‘कोणत्याही शाखेच्या पदवीधरास एका वर्षात ऑनलाइन एलएल.एम.’ असे लिहिले आहे. पदव्युत्तर पदवी असताना पुन्हा तीन वर्षांची पदवी करण्यापेक्षा हा मार्ग बरा नाही का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नाही, आणि हे आम्ही स्पष्टपणे सांगतो, कारण अशा जाहिरातींवर कष्टाचा पैसा खर्च होतो. भारतात एलएल.एम.ला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश मिळण्यासाठी आधी एलएल.बी., म्हणजे कायद्याची पदवी, असावी लागते. नावात एलएल.एम. असलेल्या, परंतु मान्यता न घेता ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने चालवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांवर भारतीय विधिज्ञ परिषदेने, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाने, 2025 मध्ये जाहीर हरकत घेतली आहे. अशा प्रमाणपत्राच्या आधारे ना वकिलीची सनद मिळते, ना विधी महाविद्यालयात अध्यापनाची पात्रता.

इतर शाखांच्या पदवीधरांसाठी कायद्यातील प्रामाणिक पदव्युत्तर अभ्यासक्रम नाहीत, असे मात्र नाही. बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा ‘मास्टर ऑफ बिझनेस लॉज’ हा दूरस्थ अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधरास खुला आहे, आणि याच विद्यापीठात बौद्धिक संपदा, ग्राहक कायदा, पर्यावरण कायदा अशा विषयांच्या पदव्युत्तर पदविकाही आहेत. त्यांतून विषयाचे ज्ञान मिळते आणि नोकरीत त्याचा उपयोगही होतो, परंतु वकिली करता येत नाही. म्हणून कोणता अभ्यासक्रम बरा, हे विचारण्याआधी आपल्याला काम कोणते करायचे आहे, हे ठरवावे.

जीएसटी अधिकाऱ्यांसमोर व्यापाऱ्यांची बाजू मांडणे एवढाच हेतू असेल, तर वाणिज्य पदवीच्या बळावर जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करता येते आणि त्यासाठी एलएल.बी. लागत नाही. वकीलपत्र घेऊन न्यायालयात उभे राहायचे असेल, तर मात्र तीन वर्षांच्या एलएल.बी.ला पर्याय नाही. नावाने ती पदवी असली, तरी तिला प्रवेशच मुळी दुसऱ्या पदवीनंतर मिळतो, त्यामुळे ती करताना आपण मागे जात आहोत, असे वाटण्याचे कारण नाही. प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. या परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नये. बार कौन्सिलच्या नियमांनुसार पदवीला खुल्या प्रवर्गासाठी 45, इतर मागास प्रवर्गासाठी 42 आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 40 टक्के गुण लागतात. सोलापुरातच दयानंद विधी महाविद्यालय असल्याने या शिक्षणासाठी घर सोडण्याची गरज नाही.

आपल्या एम.कॉम.चे मोल आपण फार कमी धरता, असे पत्रावरून वाटते. ज्या शहरात चादर आणि टॉवेलचा व्यापार उधारीवर चालतो, तेथे धनादेश न वटल्याचे कलम 138 खालील खटले हे वकिलांचे नित्याचे काम आहे. समोरच्या पक्षाची खातेवही वाचून देणे नेमके किती, हे स्वतः ताडून पाहू शकणारा वकील अशा खटल्यात उलटतपासणीला उभा राहतो, तेव्हा त्याची तयारी न्यायाधीशांच्याही ध्यानात येते. शिवाय 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथे सर्किट बेंच सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे, त्यामुळे उच्च न्यायालयातील कामासाठी मुंबईतच बिऱ्हाड करावे लागेल, ही अडचणही आता राहिलेली नाही. सनदेच्या खर्चाचीही धास्ती नको. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै 2024 च्या निकालानुसार राज्य बार कौन्सिलला नोंदणीसाठी खुल्या प्रवर्गातील उमेदवाराकडून 750 रुपयांहून आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून 125 रुपयांहून अधिक शुल्क घेता येत नाही. वकिली करण्यासाठी अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते.

प्रश्न : मी वस्त्रोद्योग अभियंता असून चिंचोळी एमआयडीसीतील कारखान्यात नोकरी करतो. कामगार कायद्यांशी रोजचा संबंध येतो. नोकरी सांभाळून एलएल.बी. करता येईल का? ‘हजेरीचे बघू’ असे काही जण सांगतात.
— एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : ‘हजेरीचे बघू’ या शब्दावर तीन वर्षे पणाला लावू नका. नियमानुसार प्रत्येक विषयाला 70 टक्के उपस्थिती लागते, आणि विधी महाविद्यालयांचे वर्ग सकाळी आठ ते सायंकाळी सात या वेळेतच भरवावे लागतात. त्यातच सप्टेंबर 2024 च्या परिपत्रकाने बार कौन्सिलने विद्यार्थ्यांकडून नोकरीविषयीचे घोषणापत्र आणि नोकरी करणाऱ्यांकडून मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र मागितले आहे. कायद्याच्या शिक्षणाची सुरुवातच खोट्या घोषणापत्राने होणे आम्हाला मुळीच मान्य नाही. आपली पाळी अशी असेल, की सकाळचे तास खरोखर बसून करता येतात आणि व्यवस्थापन तसे लिहून देते, तरच प्रवेश घ्यावा.

आपली गरज कारखान्यातील कामापुरती असेल, तर राज्यातील अनेक विधी महाविद्यालयांत चालणारी कामगार कायदे व कामगार कल्याण या विषयाची पदविका पुरेशी आहे. एक सावधगिरी मात्र बाळगावी. 29 केंद्रीय कामगार कायद्यांची जागा घेणाऱ्या चार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आल्या आहेत, तेव्हा पदविकेचा अभ्यासक्रम त्यांनुसार बदलला आहे का, हे प्रवेशाआधी विचारून घ्यावे. हीच गोष्ट एलएल.बी.च्या जुन्या पुस्तकांची. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली असून फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागीही नवे कायदे आले आहेत. प्रलंबित जुन्या खटल्यांमुळे जुनी कलमे ठाऊक असणे उपयोगाचे आहे, परंतु परीक्षेसाठी केवळ मोठ्या भावंडांच्या पुस्तकांवर विसंबू नये.

प्रश्न : माझे वय 46 आहे. दहावीनंतर शाळा सुटली. पुढे पूर्वतयारी परीक्षा देऊन मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले. गावातील महिलांच्या वारसाहक्काच्या आणि पोटगीच्या अडचणी पाहून वकील व्हावेसे वाटते. या वयात प्रवेश मिळेल का? इंग्रजी कच्चे आहे.
— एक वाचक, अक्कलकोट तालुका

उत्तर : आपल्या जिद्दीबद्दल मनापासून आदर वाटतो, आणि म्हणूनच अडचण न लपवता सांगतो. वयाची आडकाठी नाही. सीईटीला कमाल वयोमर्यादा नाही. इंग्रजीचीही फार भीती नको, कारण तालुका व जिल्हा न्यायालयांचे कामकाज मराठीत चालते. कैफियत, अर्ज, साक्षीपुरावा हे सारे आपल्याच भाषेत असते. उच्च न्यायालयात मात्र इंग्रजी लागते.

खरी अडचण बारावीची आहे. मुक्त किंवा दूरस्थ शिक्षणाने मिळवलेली पदवी बार कौन्सिलला चालते, परंतु मूळ पात्रता नसताना, म्हणजे बारावी न होता थेट मुक्त विद्यापीठात प्रवेश घेऊन मिळवलेली पदवी विधी शिक्षणाच्या 2008 च्या नियमांनुसार प्रवेशासाठी ग्राह्य धरली जात नाही. हे कळण्याआधीच शुल्क भरणाऱ्यांची संख्या थोडी नाही, आणि सनदेच्या वेळी हे उघड झाले तर नुकसान मोठे होते. म्हणून सर्व गुणपत्रिका जोडून महाविद्यालयाकडे आणि सीईटी कक्षाकडे लेखी विचारणा करावी आणि लेखी उत्तर हाती आल्याशिवाय पैसे भरू नयेत.

उत्तर प्रतिकूल आले, तरी ज्यासाठी वकील व्हायचे आहे, ते काम थांबत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गावपातळीवर विधी स्वयंसेवक नेमते आणि त्यांना प्रशिक्षण देते. त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. कायद्यानुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, परंतु आपल्या गावातील किती जणींना हे ठाऊक असेल? पोटगीच्या अर्जासाठी त्यांना प्राधिकरणाच्या दारापर्यंत घेऊन जाणारी, कागद कोणते लागतात हे सांगणारी, त्यांच्याच बोलीत बोलणारी बाई गावात असणे फार गरजेचे आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कार्यालयात याची चौकशी करावी.

प्रश्न : मी एम.एस्सी. रसायनशास्त्राचा विद्यार्थी आहे. पेटंटच्या क्षेत्रात जावे, की एलएल.बी. करून थेट न्यायाधीशाची परीक्षा द्यावी?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : पेटंट एजंट होण्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी, वयाची 21 वर्षे आणि पेटंट कार्यालयाची पात्रता परीक्षा एवढे पुरे. आपण या परीक्षेच्या तयारीला आजच लागू शकता.

न्यायाधीशपदाची परीक्षा आता थेट देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 20 मे 2025 च्या निकालानुसार दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी किमान तीन वर्षांची वकिली आवश्यक आहे. हा काळ तात्पुरत्या नोंदणीच्या दिवसापासून मोजला जातो, त्यामुळे एलएल.बी.चा निकाल लागताच नोंदणीचा अर्ज करावा आणि वकिलीच्या पहिल्या दिवसापासून आपण हजर राहिलेल्या प्रकरणांची नोंद ठेवावी, कारण अनुभवाचे प्रमाणपत्र देणारे ज्येष्ठ वकील त्याच कामाच्या आधारे सही करतील.