व्हेटरन्स डेला चौथीच्या वर्गात काय घ्यायचं

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत पहिल्यांदाच चौथीचा वर्ग मिळालाय, व्हेटरन्स डेला मुलांकडून थँक्यू कार्ड्स करून घेऊ की अजून काही. कार्ड्स करा, पण शेवटी. आधीच केली की सगळ्यांवर तोच झेंडा आणि तेच एक वाक्य येतं, मी दोन वर्षं हेच केलंय.

पहिल्यांदा एक घोळ निस्तरा, तो पालकांच्याही डोक्यात असतो. मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारचा मेमोरियल डे सेवेत असताना प्राण गेलेल्यांचा, आणि ११ नोव्हेंबरचा व्हेटरन्स डे सैन्यात सेवा केलेल्या सगळ्यांचा, मुख्य म्हणजे जे आज आपल्यात आहेत त्यांचा. त्यामुळे उगाच सुतकी वातावरण नको. तारखेची गोष्ट मुलांना जाम आवडते: १९१८ मध्ये अकराव्या महिन्याच्या अकरा तारखेला अकरा वाजता पहिल्या महायुद्धातली शस्त्रसंधी लागू झाली. आधी आर्मिस्टिस डे म्हणायचे, १९५४ ला नाव बदललं. मधे १९७१ पासून लाँग वीकेंडसाठी ऑक्टोबरच्या सोमवारी ढकललेला, लोकांना काही पटलं नाही, १९७८ पासून परत ११ लाच.

आता मुख्य काम, पाहुणा. एकच बोलवा, आणि मेडलवालाच हवा असं काही नाही. कुणाची तरी आजी नर्स असते, कुणाचे बाबा मेकॅनिक होते, सैन्यात स्वयंपाक करणारेही असतात हे कळलं की मुलं चाट पडतात. पण प्रश्न आधी बसवून घ्या हो! मी पहिल्या वर्षी नाही घेतले आणि एकाने सरळ विचारलं, तुम्ही किती माणसं मारली? ते गृहस्थ थांबले, पाणी प्यायले, मग म्हणाले मी ट्रक चालवायचो. वर्गात चिडीचूप. तेव्हापासून मी पाहुण्यांना आधी फोन करून विचारते कुठला विषय नको, आणि मुलांना नुसतं 'हे विचारू नका' न म्हणता का नाही विचारायचं ते सांगते. चांगले प्रश्न साधेच असतात, जेवायला काय असायचं, घरची आठवण आली की काय करायचात, परत आल्यावर सगळ्यात विचित्र काय वाटलं. (सजावटीला फुगे नकोत, एखादा फुटला तर दचकायला होतं.)

वर्गात कुणाचे आईबाबा आत्ता ड्यूटीवर बाहेर असतील किंवा कुणी युद्धातून पळून आलेलं असेल तर घरी आधी कळवा.

आपल्या देशी मुलांसाठी मी भगतसिंग थिंद यांची गोष्ट सांगते. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, तरी १९२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तुम्ही गोरे नाही त्यामुळे नागरिकत्व नाही, ते शेवटी १९३६ ला मिळालं, आणि तेही पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी झालेल्या कायद्यामुळे. चौथीतल्या पोरांना यातला अन्याय लगेच कळतो, आपल्याला फार बोलावं लागत नाही.

११ ला बऱ्याच शाळांना सुट्टी असते म्हणून हे आधीच्या आठवड्यात उरका. आणि कार्ड्स पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी. त्या ट्रकवाल्या काकांना एकीने लिहिलेलं, 'तुम्हाला ट्रकमध्ये झोप कशी यायची? मला तर कारमध्ये पण येत नाही.' त्यांनी तिला उलट पत्र पाठवलं, चांगलं दोन पानी.