साडेसाती आणि काळी पाच

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांची, सदाशिव पेठेत राहते. ११ वर्षं गाणं शिकतेय. गणपतीत दहा दिवसांत नऊ कार्यक्रम केले, सगळे काळी पाचात, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून. वर संध्याकाळच्या शिकवण्या. तेव्हापासून तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, आवाज फाटतो, रियाजाला बसवत नाही. आईनं पत्रिका दाखवली. रास मीन, साडेसाती चालू. अडीच वर्षं मैफल बंद ठेवा, नीलम घाला, असं सांगितलं. प्रेरणा ग्रहांवर असते का?

उत्तर : अगं, रोज शनिपारावरून जातेस आणि शनीला एवढी घाबरतेस?

जरा हिशेब कर. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो आणि साडेसाती एका वेळी तीन राशींना. म्हणजे बारापैकी तीन, चारांत एक माणूस कायम साडेसातीत. या सगळ्यांनी गायचं थांबवलं तर डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाचा मांडव निम्मा नाही, पण पाव तरी रिकामा राहील.

मी ४० वर्षं पेटी वाजवते आणि हे शहाणपण मला उशिराच आलं. एका पावसाळ्यात माझ्या पेटीचा मध्य सप्तकातला पंचम घरघरायला लागला. नेमकी माझीही साडेसाती. चार शनिवार उपास केले, तेल वाहिलं. पाचव्या शनिवारी पेटी दुरुस्तीला नेली. कारागिरानं वरची फळी काढली, रीडखाली चिमटा घातला आणि भाच्याच्या स्वेटरचा लोकरीचा धागा बाहेर काढला. दोन मिनिटांचं काम. उपास मात्र चार!

तुझा धागा तुझ्याच पत्रात आहे. दहा दिवसांत नऊ कार्यक्रम, मांडवातले स्पीकर, वर शिकवण्या. काळी पाच तुझी पट्टी आहे की वादकांच्या सोयीची? अतिवापरानं स्वरतंतूंना सूज येते, कधी गाठीही येतात. नाक-कान-घशाचे डॉक्टर दुर्बिणीतून ते पाहतात. आधी तिकडे जा. ते गाऊ देतील तेव्हा काळी चारात उतर आणि तार सप्तक लगेच नको, खर्जापासून, खालच्या सुरांपासून सुरू कर.

आता प्रेरणेचं. गुस्ताव होल्स्ट हा इंग्रज संगीतकार ज्योतिषाचा नादी, मित्रांच्या पत्रिका मांडायचा. १९१४ ते १६ दरम्यान त्यानं ग्रहांवर सात भागांची 'प्लॅनेट्स' ही रचना केली. त्यातला शनी त्याचा सर्वांत आवडता! पण तो लंडनच्या मुलींच्या शाळेत शिकवायचा आणि लिहायला त्याला वेळ मिळायचा तो मुख्यतः शनिवार-रविवारी. ग्रहांनी त्याला विषय दिला, बैठक त्याची त्यालाच मारावी लागली.

आईशी भांडू नकोस. तानपुऱ्याला मीही रोज नमस्कार करते, त्यानं मन जागेवर येतं. तिला शनिवारी दिवा लावू दे. नीलम मात्र घेऊ नकोस. त्या पैशांत तपासणी होईल आणि तानपुऱ्याला नव्या तारा येतील. डॉक्टरांकडे जाताना आईलाच बरोबर ने. पडद्यावर गळा दिसला की तीच म्हणेल, शिकवण्या कमी कर.