नदीकाठी मुलाला काय दाखवायचं? एका उंबरापासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न असा: कोल्हापूरला नुकतीच बदली झाली आहे, मुलगा सहावीत आहे, सुट्टीच्या सकाळी त्याला पंचगंगेकाठी न्यायचं आहे. झाडांची-पक्ष्यांची यादी कुठे मिळेल, आणि पुस्तकातली अन्नसाखळी प्रत्यक्षात कशी दाखवायची?

यादी सध्या राहू द्या. मी बरीच वर्षं या काठाला जातो. सुरुवातीला मीही वहीत नुसती नावं लिहीत होतो. नावं वाढत गेली, पण कोण कुणासाठी आलं होतं हे त्या वह्यांत कुठेच नाही, आणि आज मला त्याचीच हळहळ वाटते. म्हणून सांगतो, एक जागा धरा, एक झाड धरा आणि दर पंधरा दिवसांनी तिथेच जा.

झाड उंबराचं असू द्या. आपल्याकडे दत्ताचं झाड म्हणून उंबराला कुऱ्हाड लावायला माणूस कचरतो, त्यामुळे काठावर जुने उंबर अजून टिकून आहेत. ही नदी पुढे नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, तिथेही दत्ताच्या पादुका औदुंबराखालीच आहेत.

खाली पडलेलं, नुकतंच तांबूस होऊ लागलेलं एक उंबर मुलाच्या तळहातावर ठेवा आणि हलकेच दोन भाग करा. आत दाटीवाटीने बारीक बारीक फुलं दिसतील. कधीतरीच भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो, पण ही फुलं असतात शेकड्यांनी, फक्त फळाच्या आत. त्यातूनच चिलटाएवढे गांधीलमाशीच्या जातीचे किडे हातावर येतील. यातली मादी कच्च्या उंबराच्या टोकाच्या छिद्रातून आत शिरते. वाट इतकी अरुंद असते की शिरतानाच तिचे पंख मोडतात. आत ती सोबत आणलेले परागकण फुलांना देते, अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतल्या नरांना पंखच नसतात. ते आतून बोगदा कोरतात, आणि माद्या अंगावर पराग घेऊन त्या वाटेने दुसऱ्या उंबराकडे उडून जातात. किडकं म्हणून आपण जे उंबर टाकून देतो, त्यातल्या किड्याच्या आईनेच ते झाड पुढे चालवलेलं असतं. मुलाला एवढं एक नीट दिसलं तरी पहिली सकाळ सार्थकी लागली.

मग अर्धा तास झाडाखाली गप्प बसा. टुक टुक करणारा तांबट येईल, हरियाल, कोकीळ, साळुंक्या येतील, आणि अंधार पडताना वटवाघळं. त्यांच्या विष्ठेतून बी दुसऱ्या काठाला, जुन्या भिंतीत, घाटाच्या दगडांच्या फटीत जाऊन रुजतं. फांदी पाण्यावर झुकलेली असेल तर फळ टुपकन पडलं की मासे वर येतात. मासे येतात तिथे छोटा निळा धीवर, म्हणजे खंड्या, वर टपून असतोच. वहीत बाणाने एवढंच लिहा: किडा, उंबर, मासा, धीवर. मी ज्या उंबराखाली बसायचो तो काठ साफ करण्याच्या एका कामात तोडला गेला. त्या वर्षी तिथे तांबट ऐकूच आला नाही. बंद पडलेला आवाज हीसुद्धा नोंदच आहे, आणि ती करताना मला फार वाईट वाटलं.

दुसरी जागा म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. ज्याचं नाव सगळ्या राज्यात आपल्या जिल्ह्यावरून पडलं तो आपल्या दारातच आहे, आणि निरीक्षणाला याच्यासारखी शाळा नाही. पावसाळा सरला की त्यात बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. बर्गे घातल्यावर वरच्या अंगाला पाणी तुंबतं, खालच्या अंगाला दगडांतून खळखळतं. एकाच नदीचं शंभर पावलांवरचं पाणी, पण पाहुणे वेगळे. वर संथ पाण्यात हळदीकुंकू बदकं आणि वारकरी नावाचे काळे पाणपक्षी, खाली उथळात शेपटी हलवणारा धोबी, तुतवार, लाल पायांचे शेकाटे. कुणाची चोच किती लांब, पाय किती उंच, हे मुलाला स्वतःला मोजून ताडू द्या. कोण कुठे खातो ते तोच सांगेल.

काठच्या लव्हाळ्याच्या आणि पाणकणसाच्या दांड्याही जवळून बघा. पाठीवर चीर गेलेली, कागदासारखी हलकी कात चिकटलेली दिसेल. ती चतुराची किंवा टाचणीची, म्हणजे पाण्याकाठी उडणाऱ्या जाळीदार पंखांच्या किड्यांची. त्यांची पिल्लं पाण्याखाली डासांच्या अळ्या खात वाढतात आणि शेवटी दांडीवर चढून कात टाकतात. नदी नुसती केंदाळाने झाकली की पाण्यात उजेड पोचत नाही, प्राणवायू घटतो आणि खालचं सगळं गुदमरतं. उन्हाळ्यात कधी पाणी काळं पडतं आणि मासे तोंड वर काढून तडफडतात. एका सकाळी एकाच जागी घारींची इतकी गर्दी दिसली की मी आनंदाने धावत गेलो, तर काठाला मेलेल्या माशांचा थर होता. ते पाणी कुणी सोडलं ते तिथे उभ्या कुणालाच सांगता आलं नाही. मुलाला असंही दाखवा, लपवू नका.

सुगरणीची घरटी जूननंतर बघा, पाण्यावर वाकलेल्या बाभळीला. नर उसाच्या पात्याचे चिरे ओढून आणतो आणि मादी घरटं पसंत करते. म्हणजे उसाचा फड, बाभळीचे काटे आणि खालचं पाणी, तिन्ही लागतात. पण पुराच्या दिवसांत काठाला अजिबात उतरू नका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे, ती रोज बातमीत येते. सांगलीकडे कृष्णेत मगरी आहेत, म्हणून त्या बाजूला गेलात तर पाण्यात पाय सोडून बसू नका.

पूर ओसरला की मात्र नक्की जा. झाडांच्या बुंध्यांवर गाळाची रेघ दिसेल, कुठवर पाणी आलं होतं ती. आणि त्या ओल्या गाळात करंजाच्या चपट्या शेंगा अडकलेल्या असतील. त्या तरंगतात, नदीच त्यांना वाहून आणते. एखादी उचलून मुलाला द्या, घरी कुंडीत लावू दे.