कशावर मोजलं?

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मामीचा दुसरा केमो झाला, लाल औषधानं केस गेले, आणि त्याच आठवड्यात कुणीतरी तुला तो व्हिडिओ पाठवला: मातीतले मित्रजीव तुरीची मर (झाड वाळवणारा रोग) थांबवतात, तसा माणसाचा कॅन्सरही थांबवतात. शेडमध्ये शिजवलेल्या ज्वारीवर वाढवलेल्या तुझ्या ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीच्या पिशव्या हिरव्या होताहेत, घरात मामी पडून आहे, आणि तू विचारतेस, यातलं थोडं ताकातून दिलं तर चालेल का? पाकिटावर ‘कॅन्सरमुक्त अन्नासाठी’ असं छापावं का?

नाही. दोन्हीला नाही. मातीवर तुझा जीव आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून धीर देण्यात कागद घालवत नाही. एकच प्रश्न तुझ्या डोक्यात ठोकून बसवायचा आहे: कशावर मोजलं?

‘मातीतलं ते चांगलं, केमो म्हणजे विष’, तुझा सगळा गोंधळ या एका वाक्यातून आलाय. मामीचं ते लाल औषध डॉक्सोरुबिसिन असणार, फाईलवर नाव बघून घे. ते मातीतूनच आलंय. १९५०च्या दशकात इटलीतल्या कास्तेल देल मोंते या किल्ल्याजवळच्या मातीत संशोधकांना स्ट्रेप्टोमायसिस कुळातला एक जिवाणू सापडला. तो लालभडक रंग सोडायचा. त्यातून आधी डाउनोरुबिसिन निघालं आणि त्याच जिवाणूच्या बदललेल्या वाणातून १९६९च्या सुमारास डॉक्सोरुबिसिन. मृगाचा पहिला पाऊस पडला की वावरातून जो वास उठतो, तोही मुख्यतः याच कुळाचा. पण मामीच्या शिरेत जाते ती माती नाही आणि जिवाणूही नाही. जिवाणूनं घडवलेला एक रेणू आहे, वेगळा काढलेला, शुद्ध केलेला, मोजलेला. स्तनाच्या कॅन्सरच्या एका नेहमीच्या पद्धतीत तो अंगाच्या दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, दर २१ दिवसांनी, चार वेळा देतात. जन्मभराची बेरीज चौरस मीटरला ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या वर गेली की हृदय कमजोर पडण्याचा धोका झपाट्यानं वाढतो, म्हणून सुरुवातीलाच हृदयाची इको करतात. इतक्या काटेकोर मात्रेच्या औषधाच्या पंक्तीला तू ताकातली चमचाभर भुकटी बसवतेस?

(डोस झाल्यावर एक-दोन दिवस मामीची लघवी लालसर दिसेल. तो औषधाचा रंग आहे, रक्त नव्हे. घरात कुणी घाबरू नये.)

मातीतून औषध येतं, पण चालत येत नाही. १९६४ मध्ये ईस्टर बेटावरून मातीचे नमुने गोळा झाले. कॅनडात सुरेंद्रनाथ सहगल यांच्या गटानं त्यातल्या जिवाणूपासून रापामायसिन काढलं, ते बुरशी मारायला. त्याचाच पुढचा भाऊ एव्हरोलिमस २००९ मध्ये किडनीच्या आणि २०१२ मध्ये स्तनाच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत मान्य झाला. माती उचलल्यापासून स्तनाच्या कॅन्सरपर्यंत ४८ वर्षं. तुझ्या व्हिडिओतल्या माणसानं हे अंतर चार मिनिटांत कापलं.

ट्रायकोडर्मा आणि बॅसिलस नावाचे जिवाणू काही पदार्थ सोडतात आणि प्रयोगशाळेत बशीतल्या कॅन्सरच्या पेशी त्यांनी मरतात, हे खरं आहे. असे शोधनिबंध निघतात आणि ते चांगलं काम आहे. पण कशावर मोजलं? बशीतल्या पेशींवर. त्या पेशी साबणाच्या पाण्यानंही मरतात. पोटातून गेल्यावर तो पदार्थ रक्तात किती उतरतो, यकृत त्याचं काय करतं, गाठीपर्यंत किती पोचतो आणि चांगल्या पेशींचं काय होतं, हे बशी सांगत नाही. वाक्याच्या शेवटी ‘पेशींवर’ आहे, ‘उंदरांवर’ आहे की ‘रुग्णांवर’, ते आधी बघ. मग बाकीचं वाच.

माणसांवर मोजलेलंही आहे, आणि ते तू वाचायलाच हवं. युगांडातल्या एका तळ्याकाठच्या मातीत मायकोबॅक्टेरियम व्हॅकी नावाचा जिवाणू सापडला होता. तो मारून केलेली लस फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांना केमोसोबत टोचून पाहिली. २००४ मध्ये निकाल आला: जगण्याचा दर्जा सुधारला, आयुष्य वाढलं नाही. मातीच्या जिवाणूनं मन प्रसन्न होतं असं जे तू ऐकतेस, त्याचा एक धागा या कामापर्यंत जातो. मारलेला जिवाणू होता, टोचलेला होता, ठरलेल्या मात्रेत होता. आणि तरीही आयुष्य वाढलं नाही, हे त्यांनी लपवलं नाही.

नवं संशोधन आतड्यातल्या जिवाणूंवर आहे. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच कॅन्सरवर सोडणारा उपचार, कुणाला लागू पडते हे आतड्यात कोणते जिवाणू आहेत त्यावरही ठरतं, असं २०१८ च्या अभ्यासांत दिसलं. २०२१ मध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या रुग्णांत दिसलं की जेवणात तंतुमय पदार्थ भरपूर असणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला, आणि दुकानातून आणलेल्या प्रोबायोटिकनं (जिवंत जिवाणूंच्या गोळ्यांनी) फायदा दिसला नाही. त्याच कामात उंदरांना प्रोबायोटिक दिल्यावर उपचाराचा परिणाम उलट कमी झाला. पण मामीला इम्युनोथेरपी चालू नाही आणि तिचा आजार मेलॅनोमा नाही. कशावर मोजलं, पोरी? ज्वारीची भाकरी, शिजवलेली डाळ, शिजवलेली भाजी तिला रुचेल तेवढी दे. तोंड आलं असेल तर मऊ खिचडी किंवा पेज. यासाठी कुणाच्या व्हिडिओची गरज नाही.

ताकातून का नाही, ते आता नीट समजून घे. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. तुझ्या-माझ्या अंगात शिरलेला बुरशीचा बीजाणू शरीर गिळून टाकतं. मामीच्या अंगात त्या दिवसांत गिळणारंच कुणी नसतं. ट्रायकोडर्माच्या काही जातींनी अशा रुग्णांना गंभीर संसर्ग केल्याच्या नोंदी आहेत. पिकाचा मित्र तिच्या फुफ्फुसात मित्र राहत नाही. म्हणून पिशव्यांच्या शेडमध्ये तिनं पाऊल ठेवायचं नाही. शेणखत उलटणं, जीवामृत ढवळणं, कुजलेला चारा किंवा ढेप फोडणं तिच्याकडे नाही. तू शेडमधून आलीस की कपडे बदल, हात साबणानं कोपरापर्यंत धू, मग तिच्या खोलीत जा. दूध उकळूनच. घरच्या दह्याबद्दल वॉर्डच्या डॉक्टरांना विचार आणि ते म्हणतील तसंच कर. अंगणातल्या सदाफुलीचा काढा कुणी सांगेल. त्या झाडातून व्हिन्क्रिस्टिन हे केमोचंच औषध काढतात. काढ्यात ते किती उतरलं हे सांगणारा आपल्या गावात कुणी नाही, म्हणून काढाही नाही. डोसानंतर ४८ तास तिची उलटी, लघवी आणि खराब कपडे हातमोजे घालून हाताळ.

थर्मामीटर उशाशी ठेव. १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की तो साधा ताप नाही. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच तासाला दवाखाना. नागपूर तुमच्यापासून तीन तास, म्हणून रात्री कुणाची गाडी मिळेल आणि जवळचं कोणतं रुग्णालय शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू करेल, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेव. ‘केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला’ हे वाक्य दारातच सांगायचं. फाईल पिशवीत तयार हवी.

आता तुझ्या शेडकडे वळतो. इथं मला स्वतःलाच बोल लावायचा आहे. तुला आधी पिशवी भरायला शिकवली, मोजायला नंतर. उलट व्हायला हवं होतं, आणि म्हणूनच आता याच गोष्टीवर अडून बसलोय. तुला राग आला तरी चालेल.

तू पाठवलेल्या फोटोत तिसऱ्या रांगेतल्या दोन पिशव्यांचा हिरवा रंग पिवळट आहे. ट्रायकोडर्मा पांढरा सुरू होतो आणि गडद हिरवा होतो. त्याच्या काही जातींना खोबऱ्यासारखा वास असतो. पिवळट हिरवा म्हणजे ॲस्परजिलस फ्लॅव्हस असू शकतो, आणि तीच बुरशी अफ्लाटॉक्सिन करते, ज्यानं यकृताचा कॅन्सर होतो. वास घ्यायला पिशवी उघडू नकोस, नाक लावू नकोस. संशय आला की बंद पिशवी कुकरमध्ये घालून मारायची, मग पुरायची. कुकरनं बुरशी मरते, विष मरत नाही, म्हणून ती ज्वारी कोंबड्यांना टाकायची नाही. मोकळ्या पिशव्यांशी काम करताना एन-९५ मास्क लाव, रुमाल नको.

हे बिघडतं कशानं? बहुतेक वेळा ज्वारी जास्त शिजते. दाणा फुटला की पिठूळ पाणी सुटतं, आंबट वास येतो, जिवाणू माततात. दाणा अर्धा शिजलेला हवा, बोटानं दाबला तर चेपेल पण फुटणार नाही. गाळून बारदान्यावर पसर, वरचं पाणी सुकू दे, पिशवी दोन तृतीयांशच भर. कुकरला १५ पौंड दाबावर, १२१ अंशांना, निदान तासभर, कारण पिशवीच्या पोटात उष्णता उशिरा पोचते. दुसरं कारण घाई. पिशवी गरम असताना बीज टाकलंस तर ते मरतं आणि रिकाम्या जागेत भलतंच वाढतं. २५ ते २८ अंशांत दहा-बारा दिवस. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हे तापमान मिळत नाही, तेव्हा मे महिन्यात बॅच लावूच नकोस.

मोजणी अशी. १० ग्रॅम माल ९० मिली निर्जंतुक पाण्यात हलव. त्यातलं १ मिली ९ मिलीत, असं करत दहा हजार पट पातळ कर. त्यातलं ०.१ मिली बटाट्याच्या आगरवर (बुरशी वाढवायच्या जेलीवर) पसर आणि २८ अंशांना तीन-चार दिवस ठेव. २५ ठिपके आले तर २५ गुणिले १० गुणिले १०,०००, म्हणजे ग्रॅमला २५ लाख. ट्रायकोडर्माला निदान २० लाख हवेत. प्रत्येक वेळी तीन बशा, एका बशीवर विश्वास नको. उकडलेली ज्वारी हिरवी दिसली म्हणजे माल झाला असं नव्हे. आकडा लिहिलास तर झाला.

वावरात तेच. तूर आणि हरभऱ्याच्या बियाण्याला किलोला ४ ते १० ग्रॅम ट्रायकोडर्मा. सोयाबीनला रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र देणारा जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणारा जिवाणू, १० किलो बियाण्याला प्रत्येकी २५० ग्रॅम. गुळाचं पाणी उकळून गार केलेलं आणि थोडंच, सोयाबीनचं साल नाजूक असतं, चोळलं की सुटतं. रासायनिक बुरशीनाशक लावायचंच असेल तर आधी ते, मग कीटकनाशक, जिवाणू सगळ्यांत शेवटी. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर ट्रायकोडर्मा लावणं म्हणजे तो मारणंच. जमिनीत द्यायचा तर एकरी दोन किलो, १०० किलो कुजलेल्या शेणखतात, ओल्या बारदान्याखाली सावलीत आठ-दहा दिवस. तूर वाळायला लागल्यावर कुणी माल मागायला आला तर विकू नकोस. खोड उभं चिर, आत तपकिरी-काळ्या रेघा दाखव आणि सांग की हे झाड गेलं, पुढच्या साली या वावरात ज्वारी घे. आणि चाळिसाव्या दिवशी सोयाबीन उपटून मुळावरची गाठ फोडून बघ: आत गुलाबी असेल तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर पैसे पाण्यात.

मित्रजीव आणि कॅन्सर यांचं एक नातं मात्र वावरातच मोजलं गेलंय. फ्लॅव्हसचेच काही वाण विष करत नाहीत. असा एक वाण, एएफ-३६, अमेरिकेत २००३ मध्ये कपाशीसाठी नोंदला गेला. ॲरिझोनात निर्जंतुक धान्यावर तो चढवून एकरी १० पौंड, म्हणजे साडेचार किलो, वावरात टाकतात. तो विषारी भावंडांची जागा घेतो आणि सरकीतलं अफ्लाटॉक्सिन कमी होतं. कपाशीवरच का, ते तुला कळेल: सरकीची ढेप गायीला, गायीच्या दुधातून विष घरात. दूध उकळलं तरी ते जात नाही. तू हे आपल्या वावरातल्या बुरशीवर करायला जाऊ नकोस. विष न करणारा वाण डोळ्यांनी ओळखता येत नाही. तू करू शकतेस ते हे: ढेप लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, पावसाळ्यात महिन्याभराचीच आण, बुरशी दिसली तर जनावरालाही नाही. भुईमूग खणल्यावर शेंगा वर करून वाळव, ८ टक्के ओलाव्यापर्यंत, खुळखुळा वाजेपर्यंत. फुटक्या आणि सुरकुतलेल्या शेंगा तेलालाही घालू नकोस.

पाकिटावर बुरशीचं शास्त्रीय नाव, ग्रॅमला किती, बॅचची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, सावलीत ठेवा, एवढंच. ट्रायकोडर्मा विकायला कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. ती होईपर्यंत बचतगटाच्या वावराबाहेर माल जाऊ देऊ नकोस. कॅन्सर हा शब्द त्या कागदावर नको. तुझ्याच गावात कुणाची तरी मामी ते पाकीट वाचेल आणि केमोची तारीख चुकवेल.

रविवारी त्या दोन पिवळट पिशव्या काढ, उरलेल्यांतून तीन नमुने पातळ करून बशा लाव. बुधवारी ठिपके मोजून आकडे मला कळव. मामीचा पुढचा रक्ताचा रिपोर्टही पाठव, त्यातली न्यूट्रोफिलची (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची) ओळ आधी वाचून.

तुझ्या मामीला नमस्कार.