चर्चच्या मोकळ्या जागेवर घरं बांधायची, तर जागा बिल्डरला द्यावी का?

देऊ नका. तुमच्या मंडळीची ठाण्यात वीस गुंठे जागा पडून आहे, ती डेव्हलपमेंटला द्यावी की स्वतः घरं बांधावीत आणि परवानग्या कोणत्या, असं तुम्ही विचारलंय. परवानग्यांचं सांगते, पण आधी आमच्याकडे काय झालं ते ऐका.

आमचंही चर्च ठाण्यातलंच. कंपाउंडात मागे कौलारू खोल्या होत्या. चर्चचा शिपाई, दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्सबाई, नगरकडून नोकरीला आलेली पोरं तिथं नाममात्र भाड्यानं राहायची. माझे वडील नगरहून आले ते त्यातल्याच एका खोलीत. मग कमिटीनं ठराव आणला : खोल्या पाडायच्या, टॉवर उठवायचा, मंडळीला हॉल, पाळकसाहेबांना फ्लॅट आणि बँकेत ठेव. सभेत आईनं उभं राहून विचारलं, ‘यात आपली माणसं किती राहणार?’ सेक्रेटरी होते माझे सख्खे मामा. म्हणाले, ‘ताई, खाली बस, हा हिशेबाचा विषय आहे.’ इतिवृत्तात तो प्रश्न आलाच नाही.

हॉल झाला, चांगला एसी आहे. माणसं मात्र बदलापूर-वांगणीला गेली. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असला की म्हातारे उपासनेला येत नाहीत. गेटवर सोसायटीचा वॉचमन वही पुढे करतो आणि ‘कोणाकडे’ या रकान्यात आई ‘चर्च’ लिहिते. स्वतःच्या चर्चमध्ये जायला! मला अजून चीड येते.

मामा आजही म्हणतात, भाड्यानं दिलं की भाडेकरू निघत नाही. ही पागडीच्या जमान्यातली भीती आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम 24 आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही माणूस हलत नसेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून घर परत मिळतं, वर तोवरची दुप्पट फी, म्हणजे करारातलं भाडं, भरपाई म्हणून मागता येते. तेव्हा घरं चर्चच्या ट्रस्टच्याच नावावर ठेवा, भाड्यानं द्या. म्हातारी माणसं, विधवा, नव्यानं नोकरीला लागलेली मुलं आधी, कमिटीवाल्यांचे नातेवाईक शेवटी. हे नियम पाया खणायच्या आधी सभेत मंजूर करून घ्या. पैसे कमी असतील तर टप्प्याटप्प्यानं बांधा, पण ठेकेदार तुमचा असू दे.

परवानग्या : 1950 च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचं कलम 36. विक्री, अदलाबदल, बक्षीस किंवा बिगरशेती जागेचा 3 वर्षांवरचा भाडेपट्टा असेल, तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी लागते. प्रॉपर्टी कार्ड काढून बघा. पुष्कळदा जागा स्थानिक कमिटीची नसून वरच्या ट्रस्टची निघते. विकास आराखड्यात आरक्षण आहे का, हे आर्किटेक्टला पालिकेत पाहायला सांगा.

बिल्डरशिवाय गत्यंतरच नसेल, तर कोणते फ्लॅट ट्रस्टकडे राहणार ते नंबरांसह नोंदणीकृत करारात घाला, आणि चर्चचं गेट वेगळं ठेवा. हे सगळं मालकीच्या जागेचं झालं. नवी मुंबईत सिडकोनं चर्चसाठी भाडेपट्ट्यानं दिलेला प्लॉट असेल, तर वापर बदलायला सिडकोची परवानगी लागेल. तिथं आधी लीज डीड वाचा, मग सभा बोलवा.