स्पीकरवर एवढा खर्च कशासाठी?

प्रश्न : मुलाने दोन मोठे स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर आणलाय. गाणं तर मोबाइलच्या ब्लूटूथ स्पीकरवरही ऐकू येतं. मग यात जास्तीचं काय मिळतं? माझ्या कानाला तो फरक कळेल का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : कळेल. मिरज तुमच्या शेजारीच आहे. तिथल्या तंतुवाद्यांच्या दुकानात तंबोरा लावताना ऐका. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा दोरा केसभर सरकवला की स्वर तोच राहतो, पण नाद एकदम खुलतो. चांगली यंत्रणा जपते तो हा नाद.

काळी एकच्या पुरुषी पट्टीत तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झला वाजते. मुठीएवढ्या स्पीकरमधून एवढा खालचा स्वर जेमतेम निघतो. तरी तो ओळखू येतो, कारण स्वयंभू स्वरांवरून, म्हणजे त्याच तारेतून आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांवरून, मेंदू खर्जाचा अंदाज बांधतो. म्हणजे स्वर समजतो, पण त्याचं वजन जाणवत नाही. डग्ग्याच्या घुमाऱ्याचंही तेच. दुसरी गोष्ट जागेची. दोन स्पीकर नीट मांडले, तर गायकाचा आवाज डब्यांतून न येता दोघांच्या मधोमध, मोकळ्या हवेत उभा राहतो. आमच्या मते या छंदाचं खरं वेड इथेच आहे.

मात्र स्पीकर भिंतीला चिकटवून किंवा शोकेसमध्ये कोंबून ठेवले असतील, तर यातलं काहीच ऐकू येणार नाही. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करा, बाजू सहा ते आठ फूट. मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट सोडा. उंच स्वरांचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, बसल्यावर कानाच्या पातळीत यायला हवा. मग बाजूच्या भिंतीवरून कुणाला तरी आरसा सरकवायला सांगा. खुर्चीतून जिथे आरशात स्पीकर दिसेल, तिथे गोधडी किंवा जाड पडदा लावा. समोरच्या फरशीवर सतरंजी हवीच. आपल्याकडच्या गुळगुळीत फरशा आणि उघड्या भिंतींमुळे शब्द एकमेकांत मिसळतात, आणि दोष मात्र स्पीकरला लागतो.

आवाज पातळ वाटला आणि गायक मधोमध न येता खोलीभर पसरला, तर बहुधा एका स्पीकरची लाल-काळी तार उलटी लागली आहे. अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, एकाच स्पीकरच्या लाल-काळ्या तारांची अदलाबदल करा, पुन्हा ऐका.

आता दोन्हींची तुलना करा. ओळखीचं एकच गाणं आधी ब्लूटूथवर, मग मोठ्या यंत्रणेवर लावा, पण आवाजाची पातळी सारखी ठेवा. जरासा मोठा आवाजही कानाला सरस वाटतो. दुकानात लोक फसतात ते इथेच.

प्रश्न : महागड्या तारांनी फरक पडतो का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : पाच मीटरपर्यंत 2.5 चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पुरते. तो पैसा स्पीकरवर घाला. गाण्याची फाइल मात्र तपासा. सीडीतला माहितीचा प्रवाह सेकंदाला 1411 किलोबिटचा असतो. 128 किलोबिटच्या जुन्या एमपीथ्रीत झांजेची किणकिण आणि टाळ्या खरखरीत होतात, आणि चांगला स्पीकर तो दोष झाकत नाही, उलट स्पष्ट ऐकवतो.